राम बाटली, कृष्ण बाटली

कीर्तनाला उभं राहिलेला माणूस आधी नमन करतो. मी साधा झांजवाला, पण हे लिहायला बसण्याआधी मीही नमन करतो, आणि ते अडुळशाला करतो. ज्या झुडपापायी मी बागेच्या चौकीदारापुढे गुन्हेगारासारखा उभा राहिलो, माझं ब्लडप्रेशर चढलं, आणि एवढं होऊन शेवटी माझी लाजही राहिली, त्याला दोन हात जोडणं भागच आहे.

गोष्ट गेल्या फाल्गुन-चैत्रातली. आमच्या नल्लकुंट्याच्या मराठी मंडळात रामनवमीचं कीर्तन भामाताई करतात. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं, आणि बावीस वर्षं कीर्तन करताहेत. त्यामुळे त्यांच्या पूर्वरंगात सिद्धांत असतो आणि उत्तररंगात तो पायरीपायरीनं सिद्ध होतो. या बावीस वर्षांत त्यांच्या मागे झांज घेऊन मी आहे. त्यांनी धृपद सोडलं की मी उचलायचं, एवढंच माझं काम. आमची मंगला म्हणते, "घरात पाण्याचा तांब्या उचलत नाहीत, तिकडे धृपद बरं उचलवतं!" बायकोच्या बोलण्याला मी उत्तर देत नाही. झांज वाजवणाऱ्याला कुठे वाजवायचं नाही हेही कळावं लागतं.

तर रामनवमीला सतरा दिवस असताना ताईंचा फोन आला. "भगवंतराव," असं कुणीतरी म्हणालं, आणि मी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. मला वाटलं, कुणी लॉरीवाला बोलतोय. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा मंगलानं उचलला आणि तिचा चेहरा उतरला. "अहो, ताईच आहेत. आवाज गेलाय."

त्या दिवसांत आमच्या बस्तीत घरटी एक खोकला होता. थंडी गेली, ऊन आलं, आणि मधल्या फटीतून सर्दी शिरली. बाकीच्यांची छातीत बसली, ताईंची नेमकी आवाजावर. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतू सुजलेत. आठ-दहा दिवस संपूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. भरपूर पाणी प्या. गोळी अशी एकच दिली. आता जो डॉक्टर पिशवीभर औषध देत नाही, त्याला आमच्या बस्तीत डॉक्टर धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक. आमचा सेक्रेटरी प्रकाश हा सॉफ्टवेअरमधला माणूस. देवाच्या आरतीलाही तो आधी माइक टेस्ट करतो. तो म्हणाला, "काका, बॅकअप पाहिजे. एखादं रेकॉर्डेड कीर्तन प्रोजेक्टरवर लावू या. आवाज क्लिअर, वेळेत खतम."

"आणि साथ?"

"ती रेकॉर्डिंगमध्ये आहेच की."

"आणि झांज?"

"झांजसुद्धा आहे, काका. एकदम स्टीरिओ."

हे वाक्य मला जिथे लागलं तिथे अजून दुखतं. मी उठलो. समोर रामपंचायतनाचा फोटो होता. म्हणालो, "आठ दिवस द्या. अडुळशाच्या काढ्यानं ताईंचा आवाज परत आणीन. नाही आणला, तर ही झांज मंडळाच्या कपाटात ठेवीन आणि पुन्हा हात लावणार नाही." सभेत चार जण खोकले, एवढंच.

"ठीक आहे," प्रकाश म्हणाला. "पण अष्टमीच्या संध्याकाळी फायनल."

प्रतिज्ञा केल्यावर माणसाला सल्ले मिळतात. जिन्यात पहिल्या मजल्यावर कळलं, पिंपळी मधात चाटवा. दुसऱ्यावर ओव्याची पुरचुंडी. समोरच्या तेलुगू आजींनी मिरियाल पालु, म्हणजे मिरी घालून दूध, एवढं एकच औषध खरं असल्याचं हातवारे करून पटवलं. इस्त्रीवाले चाचा युनानी काढ्याचे भक्त, ते म्हणाले, "जोशांदा पिलाओ साब, बाकी सब नक्को." मी सगळ्यांचं ऐकून घेतलं. कीर्तनाची सवय असलेला माणूस कुठलंही निरूपण शेवटपर्यंत ऐकतो.

अडुळसा मात्र ताजा हवा होता, आणि तो होता महापालिकेच्या बागेत, मागच्या कुंपणाला लागून. सकाळी सहाला पिशवी घेऊन गेलो, झुडपाला नमस्कार केला, आणि चौथं पान तोडतो तोच मागून आवाज आला.

"क्या अंकल, पत्ते कायकू तोड रै?"

"खाँसी की दवा है, भाई."

"सरकारी झाड है. परमिशन दिखाओ."

अडुळशाचं परमिशन! आयुष्यभर विमा कंपनीत दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवले, ते पाप आता फिटायचं होतं. चौकीदारानं मला पिशवीसकट बागेच्या ऑफिसात नेलं. तिथले सार, म्हणजे साहेब, साडेदहाला येणार. साडेचार तास मी 'फुले तोडू नये' या पाटीखाली बसलो. फिरायला येणारी सगळी बस्ती माझ्यासमोरून गेली, आणि प्रत्येकानं विचारलं, "काय झालं, भगवंतराव?" चौकीदारानं प्रत्येकाला सविस्तर सांगितलं.

सार आले. मी अर्ज लिहिला. विषय: पाने तोडणेबाबत. सारांनी वाचला आणि विचारलं, कुठल्या झाडाची? मी अडुळसा म्हणालो. त्यांच्या यादीत अडुळसा नव्हता. चौकीदाराला बोलावलं. तो म्हणाला, "अड्डसरम, सार." यादीत अड्डसरम होतं. किती पानं? कशासाठी? किती दिवस? मी प्रत्येक रकाना भरला. सही करायला पेन उचललं आणि सारांना असा काही खोकला आला, की पेन टेबलाखाली गेलं. पाणी प्यायल्यावर त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं.

"चाचा, येक बाटल हमकू बी."

परवानगी मिळाली. शिक्क्यासह.

त्या दिवशी मंगलाच्या दूध तापवायच्या पातेल्यात अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध आणि खडीसाखर असा काढा उकळू लागला. वास पाचव्या मजल्यापर्यंत गेला. मंगला म्हणाली, "या पातेल्यात आता उद्यापासून चहा कडू लागणार." लागतो. अजून लागतो.

वासाच्या मागोमाग शेजारचे नागसेन आले. हे सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते. आम्ही वीस वर्षांचे शेजारी. मी देवभोळा आणि ते बुद्धविहारात जाणारे, त्यामुळे आमच्यात वादाला विषय कधी कमी पडला नाही आणि चहाची वेळ कधी चुकली नाही. त्यांच्यासोबत मुलगी प्रियदर्शिनी. ती कुकटपल्लीला एका कंपनीत औषधांच्या चाचण्या पाहते. शाळेत भामाताईंची लाडकी विद्यार्थिनी.

"काका, हे कुणाकुणाला देणार?" तिनं पातेल्यात डोकावून विचारलं.

"सगळ्या खोकणाऱ्यांना."

"आणि गुण आला हे कळणार कसं?"

"कसं म्हणजे? खोकला जाईल!"

"सर्दीचा खोकला तसाही जातो, काका. दोन-तीन आठवड्यांत आपोआप."

"आपोआप काही होत नसतं, बाळ. तो करतो." मी बोट वर केलं.

नागसेन म्हणाले, "वर रूपालीताई राहतात."

प्रियदर्शिनी गुणाची पोर, ती म्हणाली, "तसं अडुळशात तथ्य आहे हं. त्यात वासिसीन म्हणून एक द्रव्य असतं. त्यावरूनच पुढे कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन बनवलं. दुकानातल्या कितीतरी सिरपांत ते असतं."

मी हातातला डाव घेऊन उभाच राहिलो. "ऐकलंत, नागसेन? आपल्या झुडपावरून!"

"बसा काका. झुडपावरून औषध निघालं म्हणून तुमचं पातेलं सिद्ध होत नाही. यात ते द्रव्य किती उतरलंय, तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही. मधाचं मात्र मी मानते. सर्दीच्या खोकल्यावर मधाचे बऱ्यापैकी अभ्यास झालेत. वर्षाच्या आतल्या बाळाला तेवढा द्यायचा नाही. बाकी काढ्यांवर आहेत अभ्यास, पण छोटे, कच्चे."

"मग आपण पक्का करू!" मी म्हणालो.

आता वाटतं, त्या क्षणी माझ्या तोंडात झांज कोंबायला हवी होती.

प्रियदर्शिनी हसली. म्हणाली, खऱ्या चाचणीला नीतिसमिती लागते, परवानग्या लागतात, वर्षं लागतात. ही आपली घरगुती गंमत समजा, पण गंमतही नियमानं करू. दमेकरी नको, मुलं नकोत, गरोदर बाई नको, ब्लडप्रेशरवाला नको, कुणाची चालू गोळी बंद नको. दोन प्रकारच्या बाटल्या. एकीत काढा, दुसरीत गुळाचं पाणी आणि कडूपणापुरता कारल्याचा रस. मध कुठल्याच बाटलीत नको. दिसायला सारख्या. कुठलीत काय, ते तिला एकटीला माहीत. मी फक्त वाटायच्या. तिनं निम्म्यांवर 'ए' लिहिलं, निम्म्यांवर 'बी', आणि नावांच्या चिठ्ठ्या काढून यादी दिली. प्रत्येकानं रोज कागदावर लिहायचं: खोकला किती, झोप कशी, आवाज कसा, आणि दिवसभरात काय काय घडलं. नीतिसमिती मात्र मी स्थापन केलीच: मंगला अध्यक्ष, नागसेन सदस्य. पहिल्याच बैठकीत समितीनं पातेलं परत मागितलं.

भामाताईंना चाचणीत घेतलं नाही. त्यांचा काढा वेगळा, खात्रीचा, आणि तो रोज संध्याकाळी मी स्वतः नेऊन देणार.

वाटपाला निघालो आणि पहिल्याच दारात अडलो. "बी का म्हणून? बी म्हणजे दोन नंबरचा माल ना?" दुसऱ्या दारात तेच. तिसऱ्या दारात बाई म्हणाल्या, "शाळेतसुद्धा माझा मुलगा ए तुकडीतच होता." एकूण अठरा घरं, सगळ्यांना 'ए'. मी जिन्यात बसून विचार केला. ज्या नावांत भेद नाही अशी दोन नावं कुठली? उत्तर तर कीर्तनाच्या सुरुवातीलाच असतं, रोजच्या नामघोषात. मी खिशातून पेन काढलं, 'ए'चं 'राम' केलं आणि 'बी'चं 'कृष्ण'. राम आणि कृष्ण यांत लहानमोठं कोण करणार?

सगळ्यांनी केलं.

चैत्र तोंडावर, मागोमाग रामनवमी. ज्याला त्याला राम बाटली हवी. ज्यांचं कुलदैवत बालाजी ते म्हणाले, आमचा संबंध कृष्णाशी जवळचा. एका घरात नवऱ्याला राम आणि बायकोला कृष्ण आला, तर बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं यांचं ऐकलं, देव तरी माझ्या पसंतीचा मिळू द्या," आणि दोघांनी अदलाबदल केली. जिन्यात बाटल्या वर-खाली फिरू लागल्या. चौथ्या मजल्यावरच्या रूपालीताईंनी तर दोन्ही मिळवल्या, एका भांड्यात ओतल्या आणि सकाळ-संध्याकाळ 'रामकृष्ण' म्हणून प्यायल्या. बागेच्या सारांना मी राम दिली. सरकारी माणूस, म्हटलं उगाच शंका नको.

नागसेनांनाही खोकला होता. मी बाटली पुढे केली. ते म्हणाले, "महाराज, मला रामही नको, कृष्णही नको. मी कोराच बरा."

"अहो, औषध आहे!"

"औषधाला नाव लागतं तेव्हा मला खोकला परवडतो." आणि मजेत खोकून दाखवलं.

प्रियदर्शिनीला चौथ्या दिवशी हे कळलं. तिनं कपाळाला हात लावला. "काका, याला चाचणी म्हणत नाहीत. याला प्रसाद म्हणतात." पण मग थोडं थांबून म्हणाली, "असू द्या. रोज काय प्यायले ते तरी खरं लिहायला सांगा. आणि बाबा काहीच घेत नाहीत, हे उलट बरं झालं. आपल्याकडे काहीच न घेणारा कुणी नव्हताच."

आठव्या दिवशी नागसेनांच्या घरी सगळे कागद जमले. मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. प्रियदर्शिनीनं तासभर आकडे मांडले आणि चष्मा काढला.

"राम बाटलीवाले साधारण सातव्या-आठव्या दिवशी बरे. कृष्ण बाटलीवाले सातव्या-आठव्या दिवशी. दोन्ही पिणाऱ्या रूपालीताई आठव्या दिवशी. बाबा काहीच न पिता सातव्या दिवशी. आणि बाबा, तुम्ही इथे लिहिलंय, 'आइस्क्रीम, दोनदा'?"

"उकाडा होता," नागसेन म्हणाले. "खरं लिहा म्हणालीस."

"पण राम बाटलीत होतं काय?" मी विचारलं.

"गूळ, पाणी, कारलं."

त्याच दिवशी सकाळी बागेच्या सारांचा फोन येऊन गेला होता: "चाचा, क्या दवा है! खाँसी एकदम गायब." काही सत्यं माणसानं आपल्यापुरती ठेवावीत.

"मग सिद्ध काय झालं?"

"एवढ्या गोंधळातून सिद्ध काहीच होत नाही, काका. ना काढा खरा, ना खोटा. फक्त एक कागद मात्र फार चांगला भरलाय." तिनं तो पुढे सरकवला. चौकटीच्या कागदावर आलेख, पेन्सिलनं, पट्टी लावून. भामाताईंचा. चाचणीत नव्हत्या, तरी रोज चार वेळा आवाजाला दहापैकी गुण देऊन बिंदू मांडले होते. गणिताच्या बाई त्या.

"बघा. सकाळी आवाज चार. दुपारी पाच. संध्याकाळी सहानंतर एकदम दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी चार, दुपारी पाच, सहानंतर दोन. आठही दिवस असंच. सहाला काय होतं?"

"सहाला?" मी अभिमानानं म्हणालो. "सहाला मी जातो ना. काढा घेऊन."

प्रियदर्शिनीनं आलेखातल्या सहाच्या खुणेवर बोट ठेवलं.

"तिथे तुम्ही काय करता, काका?"

"विचारपूस. फरक वाटतो का, कसं वाटतं, झोप लागली का. त्यांनाही बरं वाटतं, एकट्या असतात. पाऊण तास तरी बोलतात बिचाऱ्या. परवा तर मी धृपदाची एक ओळ म्हणून दाखवायला सांगितली. तपासायला."

नागसेन खिडकीबाहेर पाहू लागले. प्रियदर्शिनीनं पेन्सिल खाली ठेवली आणि फार मऊ आवाजात म्हणाली, "काका, या अठरा घरांच्या कागदांतून एकच गोष्ट स्वच्छ दिसते. तुम्ही."

बावीस वर्षं ज्यांचं धृपद उचललं, त्यांचा आवाज रोज संध्याकाळी सहाला मीच बुडवत होतो! डॉक्टरनं मौन सांगितलं होतं. ताईंनी ते अजून सुरूच केलेलं नव्हतं, कारण दारात आलेल्या माणसाला उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि दारात येणं माझ्या स्वभावात आहे. माझे आठ दिवस भरले होते. नवमीला उरला होता एक आठवडा.

घरी आलो. झांज फडक्यात गुंडाळली. मंगलानं पाहिलं. मला वाटलं, आता तांब्याचं निघणार. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ताई धृपद सोडतात, तुम्ही उचलता. मग आता त्या मौन धरणार, तर तेही उचला की. त्यात काय अवघड आहे? अवघड तुम्हाला आहे, पण उचला."

लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. इतकं सुंदर निरूपण मी घरात पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून भामाताईंच्या दारात माझी खुर्ची. बोलायचं नाही. गळ्यात लिहायची पाटी, तिच्यावर: 'ताईंना मौन. मलाही.' आत ताईंकडे त्यांची जुनी शाळेची पाटी. त्यावर त्या दोनच शब्द लिहीत, 'बसा' आणि 'उठा'. नागसेन त्यांची रेल्वेतली लाल झेंडी घेऊन आले आणि ताईंच्या खिडकीच्या गजाला बांधली. "सात दिवस लाइन ब्लॉक," ते म्हणाले. "मालगाडीसुद्धा सोडायची नाही, महाराज."

पण आमच्या बस्तीतली माया म्हणजे बिनथांब्याची एक्स्प्रेस. जो येई तो हातात काहीतरी घेऊन येई. आत जाता येत नाही, परत नेलं तर अपमान, आणि मी 'ठेवून जा' म्हणूही शकत नव्हतो. बाई पेला पुढे करून उभी राही, डोळ्यांत पाणी. मग मी काय करणार? पेला घ्यायचो, ताईंच्या दाराकडे पाहून हात जोडायचो आणि पिऊन टाकायचो. मिरियाल पालु प्यालो. जोशांदा प्यालो. पिंपळी चाटली. गवती चहा, हळदीचं दूध, कांद्याचा रस, आणि एका घरून 'आमच्या आजोबांचं गुप्त औषध' म्हणून आलेलं काहीतरी, जे गुप्तच राहिलेलं बरं होतं. मधल्या वेळात, बोलायची सवय मोडावी म्हणून, ज्येष्ठमधाची काडी सतत तोंडात.

पाचव्या दिवशी डोकं गरगरलं. मंगलानं रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. ब्लडप्रेशर चढलेलं. डॉक्टर म्हणाले, काय काय घेता? माझं मौन; मी पाटीवर यादी लिहायला घेतली. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. ज्येष्ठमध वाचून डॉक्टर थांबले. "दिवसभर चघळता? त्यानं प्रेशर वाढतं हो! आजपासून बंद." संध्याकाळी प्रियदर्शिनी म्हणाली, "काका, निदान ज्येष्ठमधाचा परिणाम होतो, हे तुम्ही स्वतःवर सिद्ध केलंत." तिला मी क्षमा केली, कारण तेवढ्यात तिनं ताईंचा नवा आलेख काढला, मौनात नुसत्या घशाच्या जाणिवेवरून मांडलेला. दोन दिवसांपूर्वी सहा. काल सात. आज आठ. संध्याकाळी सहानंतर? आठच. रेघ वर चालली होती, आणि तिला खाली ओढणारा माणूस दाराबाहेर गप्प होता.

सहाव्या दिवसापासून माझी खुर्ची परत दारात, पण आता पेला आला की मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायचो. काही बायका चिठ्ठी वाचायच्या आणि पेला नागसेनांना द्यायच्या. ते कोरे ते कोरेच. "ब्लॉक आहे, ताई," म्हणत कुंडीतल्या तुळशीच्या शेजारी ठेवायचे.

अष्टमीच्या संध्याकाळी प्रकाश आला. खांद्यावर प्रोजेक्टरची बॅग. मागे चार-पाच सभासद. माझा घसा तोवर खवखवू लागला होता. सात दिवस दारात बसून साऱ्या बस्तीची सर्दी मीच स्वीकारली होती.

"काका, फायनल करायचंय. लावू ना रेकॉर्डिंग?"

मी पाटीवर काही लिहिणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. भामाताई. हातातली पाटी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली, पदर सारखा केला, आणि सात दिवसांनी पहिलं वाक्य बोलल्या. स्वच्छ, खणखणीत, सातवी 'ब'च्या मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"प्रकाश, सतरा साते किती?"

"एकशे एकोणीस!" प्रकाशच्या तोंडून निघून गेलं. हाही त्यांचाच विद्यार्थी. बॅग खांद्यावरून घसरून कोपरात आली.

"आवाज क्लिअर आला ना?"

"हौ, बाई."

"मग ते यंत्र घरी ने. आणि उद्या वेळेवर ये. सतरंज्या घालायच्यात."

नागसेन खिडकीकडे गेले. लाल झेंडी सोडली, खिशातून हिरवी काढली आणि बांधली. माणूस हिरवी झेंडी सात दिवस खिशात घेऊन हिंडत होता.

नवमीला हॉल भरला. नल्लकुंटा तर आलंच, बरकतपुऱ्यातली मंडळीही आली. बागेचे सार सहकुटुंब, हातात पानकमचं, म्हणजे गुळाच्या पन्ह्याचं, भांडं. मागे दाराशी नागसेन आणि प्रियदर्शिनी. ताई उभ्या राहिल्या, मी मागे झांज घेऊन. पहिला स्वर लागला आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं.

पूर्वरंगात त्यांनी सिद्धांत मांडला, की करणारा मी नव्हे. मग म्हणाल्या, "एक भक्त होता. त्याचा अडुळशावर फार विश्वास. त्याहून जास्त स्वतःच्या विचारपुशीवर." हॉल हसला. मी झांजेआड तोंड लपवायला पाहिलं. झांज लहान, तोंड मोठं. "त्यानं अठरा घरांत देव वाटले, आणि रोज संध्याकाळी येऊन माझा घसा बसवला." पुन्हा हशा. मग ताई थांबल्या आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "पण जेव्हा त्याला कळलं, तेव्हा तो माझ्या दारात बसला आणि माझ्या वाट्याचे सगळे काढे पिऊन गेला. देवांसाठी विष पिणारा एक होऊन गेला. मास्तरणीसाठी काढा पिणारा हा एक. जो बोलल्याशिवाय पाच मिनिटं राहू शकत नाही, तो सात दिवस गप्प राहिला. याहून मोठं तप मला ठाऊक नाही." टाळ्या झाल्या. सगळ्यांत मोठ्यानं मंगलानं वाजवल्या. मी ते पाहिलं.

बाराला पाच मिनिटं कमी. उत्तररंग जन्मापाशी आला. पाळणा सजलेला, हातात फुलं, दोनशे माणसं श्वास धरून. दर वर्षी नेमकं याच घटकेला हॉलभर खोकला उसळतो. बावीस वर्षांत एकदाही चुकला नाही. या वर्षी? टाचणी पडली तर ऐकू येईल. एक माणूस खोकला नाही. राम बाटलीवाले नाहीत, कृष्ण बाटलीवाले नाहीत, कोरे नागसेनही नाहीत.

आणि माझ्या घशात गुदगुली झाली.

मी गिळलं. ती वर आली. मी श्वास धरला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, समोरच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, "बघा कसा भाव दाटलाय." दोन मिनिटं. एक मिनिट. घड्याळाचा काटा सरकला, ताईंनी हात उंचावला, "सियावर रामचंद्र की..." आणि दोनशे गळ्यांतून "जय!" उठला, फुलं उडाली, तबला कडाडला. त्या गजरात, झांज वाजवत वाजवत, मी मनसोक्त खोकून घेतलं. कुणाला कळलं नाही. पाळणा सुरू झाला. मी धृपद उचललं. आवाज फाटका होता, पण वेळेवर आला.

शेवटी सुंठवडा वाटला. ताई माझ्याजवळ आल्या. आवाज परत आला असताना त्यांनी मुद्दाम काखेतली पाटी काढली, पेन्सिल घेतली, आणि काहीतरी लिहून माझ्यापुढे धरलं.

'पाच खोकले. पाचही समेवर.'